करंगळी बधिर झाली तर कोपर चाचपा

कोपराच्या आतल्या बाजूचं हाड कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. तिथे कातडीखालून अल्नर नस जाते. हाताच्या नसा मान आणि पाठीच्या सुरुवातीच्या मणक्यांतून 5 मुळांनी निघतात, मानेपासून काखेपर्यंत एकमेकींत गुंततात आणि पुन्हा वेगळ्या होतात. रेडियल मनगट उचलते, मीडियन अंगठा बोटांना टेकवते, अल्नर करंगळी आणि अर्धी अनामिका सांभाळते.

कुष्ठरोगाचे जंतू बऱ्याचदा याच अल्नरमध्ये शिरतात. नस दोरीसारखी जाड लागते. तव्याचा चटका कळत नाही, पुढे दोन बोटं वाकडी होतात. कर्जत-खालापूरच्या वस्त्यांत वीटभट्टीवर, कारखान्यात राबणारे याला कामाचा शीण समजून तेल चोळत बसतात. कुणी पूर्वजन्माचं पाप काढतं. पाप कसलं, जंतू आहे तो!

प्रत्येक बधिरपणा कुष्ठरोगाचा नसतो, मधुमेहही असू शकतो. पण सोबत अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. गोळ्या मोफत असतात, 6 किंवा 12 महिने. मध्येच नस ठणकली, हातातलं बळ गेलं तर त्याच दिवशी दाखवा, गोळ्या मात्र सोडू नका. वेळेत उपचार झाले तर बळ परत येऊ शकतं. आणि घरात त्या माणसाचं ताट वेगळं ठेवू नका; गोळ्या सुरू झाल्या की लागण पसरणं लवकरच थांबतं.