शिकविणाऱ्यांनी शिकताना



विहारात वंदना घेणे, मुलांकडून त्रिशरण-पंचशील पाठ करून घेणे ही कामे बहुधा वस्तीतील शिक्षकांकडे येतात. आम्ही त्यांपैकीच. एका रविवारी धम्मवर्गात पाचवीतील मुलीने विचारले, "बाई, 'सिक्खापदं' म्हणजे काय हो?" वर्षानुवर्षे तो शब्द आम्ही रोज पाच वेळा उच्चारीत होतो, पण अर्थ सांगता आला नाही. "पुढच्या वेळी सांगू," असे म्हणून वेळ मारून नेली. मात्र त्याच आठवड्यात आम्ही काही शिक्षकांनी पालीच्या वर्गात नाव घातले.

शिकविणारा तरुण आमच्यापैकीच एकांचा जुना विद्यार्थी. पहिल्या दिवशी आम्ही सर्वजण मागच्या बाकांवर बसलो. समजले नाही तरी माना डोलावल्या. वही तपासून आली, तेव्हा 'शील' या शब्दाभोवती लाल गोल होता. "गुरुजी, पालीत 'श' आणि 'ष' नाहीत, एकच 'स' आहे. 'सील' लिहायचं," तो संकोचून म्हणाला. जन्मभर मुलांच्या वहीतील 'स' खोडून 'श' करणाऱ्या आम्हांला तो गोल चांगलाच झोंबला.

झोंबले ते का, याचा विचार केला. धम्मात दहा संयोजने, म्हणजे बंधने, सांगितली आहेत. त्यांत 'मान' हे एक असून ते अर्हतपद प्राप्त होईपर्यंत पूर्ण तुटत नाही. शिक्षकाच्या ठिकाणी हा मान 'मला येते' या रूपाने राहतो.

विनयपिटकातील महावग्गात उरुवेल काश्यपाची कथा आहे. तो पाचशे जटिलांचा गुरू. त्याने भगवंतांचे शिष्यत्व पत्करले. पुढे राजगृहात बिंबिसारासोबत आलेल्या लोकांना प्रश्न पडला की, या दोघांत गुरू कोण? तेव्हा काश्यपाने सर्वांसमक्ष भगवंतांच्या चरणी मस्तक ठेवून आपण शिष्य असल्याचे सांगितले.

बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्या घरचे आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडून त्याच वर्षी ते लंडनला पुन्हा विद्यार्थी म्हणून गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. व १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. प्राध्यापकपद मिळाले म्हणून त्यांनी शिकणे थांबविले नाही.

या वर्गाने आम्हांला पालीपेक्षाही मोठी गोष्ट शिकविली. "समजले का?" असे विचारल्यावर मुले गप्प राहत, ते समजले म्हणून, असे आम्ही मानीत आलो. ती लाजेने गप्प असत, हे मागच्या बाकावर बसल्यावर कळले. अशी किती मुले आमच्या हातून मागे राहिली असतील! आता प्रश्न विचारल्यावर आम्ही थांबतो. चुकीच्या उत्तराला हसू देत नाही. आणि आम्हांला येत नसेल तर तसे सांगतो.

त्या मुलीला आम्ही उत्तर दिले. सिक्खापद म्हणजे शिक्षापद, शिकण्याचा नियम. पंचशील ग्रहण करणारा पाच वेळा 'मी शिकण्याचा नियम स्वीकारतो' असेच म्हणतो. धम्ममार्गावर पुढे गेलेल्यालाही 'सेख', म्हणजे शिकणारा, म्हणतात. शिकणे संपलेला 'असेख' तो केवळ अर्हत. मग आपण शिक्षकांनी वही उघडायला का लाजावे?

नमो बुद्धाय! जय भीम!