कौले गेली, पत्रा आला

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या घराची व गोठ्याची कौले काढून पत्रे घातले. माळा तापतो, हिवाळ्यात पहाटे गोठ्यात पत्रा टपकतो. छपराला झरोके ठेवावेत का? पावसाची भीती वाटते.

उत्तर : गोठ्याला ठेवाच. कौलांच्या सांध्यांतून हवा आपोआप खेळत होती, पत्र्याने ती वाट बुजली. टपकते ती गळती नव्हे. गुरांच्या श्वासातली, मुतातली वाफ निरभ्र रात्री निवलेल्या पत्र्याला खालून दवासारखी धरते. आढ्यावर फट ठेवून तिच्यावर उंच, रुंद टोपी बसवा आणि वळचणीखालीही लांबट फट सोडा. खालून हवा येणार नसेल, तर वरची फट निरुपयोगी. अमोनियाचा उग्र वासही त्यामुळे कमी होईल. झड नैऋत्येकडून येते, त्या बाजूची वळचण पुढे काढा. चार थेंब आत आलेच तर गुरांचे काही बिघडत नाही, कोंदट हवेने बिघडते.

माळ्याला समोरासमोरच्या भिंतींत जाळीच्या, झडपेच्या खिडक्या पुरेत. जुलैत बाहेरची हवाच ओली. तेव्हा त्या उघडून पेंढा सुकेल, ही आशा नको. उन्हाळ्यातली धग मात्र मुख्यतः तापलेल्या पत्र्यातूनच खाली उतरते. झरोक्यांवर फार खर्च करण्याआधी पत्र्याला वरून पांढरा रंग द्या.