मृगाआधी पेव्हर ब्लॉक उचला

मृग ७ जूनच्या आसपास लागतो आणि त्याच सुमाराला शहरात वृक्षारोपणाचे फलकही लागतात. यंदा सोसायटीत, शाळेत किंवा वॉर्डात झाडं लावायचा बेत असेल, तर रोपांची मागणी नोंदवण्याआधी जुन्या झाडांच्या बुंध्याशी जाऊन या. बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक नाहीतर सिमेंट थेट सालीला भिडलेलं दिसेल. मुळांना हवा नाही, पाणी वरच्यावर गटारात. मग जुलैच्या वाऱ्यात झाड आडवं झालं की दोष झाडाचाच! राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या महापालिकेच्या उद्यान विभागाकडे नवी रोपं मागण्याआधी हे मागा. आवारातल्या झाडांसाठी तर कमिटीची इच्छा पुरे. ब्लॉक काढल्यावर कुदळ चालवू नका. खुरप्याने माती हलकी करा, वर वाळका पाला पसरा, पण तो खोडाला टेकू देऊ नका.

नवी लागवड जागा बघून करा. अरुंद रस्त्याला बकुळ, ओलाव्याच्या जागी ताम्हण, पाणी न साचणाऱ्या मुरमाड जमिनीत बहावा, मोकळ्या मैदानाकडेला करंज किंवा कडुनिंब. वड, पिंपळ, उंबर हवेतच, पण भिंती आणि पाइपलाइनपासून लांब. झटपट हिरवी भिंत म्हणून कोनोकार्पस गळ्यात मारला जातो. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, एवढं ठेकेदाराला सांगा.

दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या. भरताना वरची माती, दोन घमेली कंपोस्ट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. खरी गोम रोपाच्या पिशवीत असते. पिशवी फाडली की तळाशी मुळांचं वेटोळं दिसतं. ते तसंच पुरलं तर मुळं तिथेच गोल फिरत राहतात आणि रोप वर्षानुवर्षं रखडतं. धारदार कात्रीने वेटोळं छाटा, बाकीची मुळं बोटांनी मोकळी करा. रोप पिशवीत होतं त्याच खोलीवर लावा. बांबूला सुतळीने सैल बांधा; तार नको.

पाला जाळू नका. जाळीचा तीन फूट उंच गोल पिंजरा करून त्यात पाल्याचे थर आणि मधूनमधून शेणकाला टाका. पावसात वर झाकण हवं. आंबा-फणसाची जाड पानं कुजायला वेळ घेतात, ती आधी चुरडून घ्या.

मावा दिसला की लगेच रासायनिक फवारा मारायची गरज नाही. निंबोळीची भरड ५० ग्रॅम लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, किंचित साबण मिसळा, संध्याकाळी फवारा. यासाठी जून-जुलैत पडणाऱ्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवा. बागेचा एखादा कोपरा पावसाळाभर न कापता सोडा. टाकळा उगवेल, त्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतील. ‘गवत माजलंय’ अशी तक्रार येईल, येऊ द्या. कोवळ्या टाकळ्याची भाजी तक्रारदाराकडे पोचवायलाही हरकत नाही.

जूनमध्ये लावलेली रोपं मरतात ती ऑक्टोबर हीटपासून पुढे, म्हणून पाण्याची तजवीज आत्ताच हवी. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते. टँकर किंवा सांडपाणी प्रक्रियेच्या पाण्यासाठीची तरतूद आणि माळ्याचे वाढीव तास विषयपत्रिकेत लेखी घालायला सांगा.