गिरणीत कौटुंबिक न्यायालय भरेल का?

प्रश्न : मुंबईतल्या बंद गिरण्यांचे मॉल झाले, ऑफिसं झाली. मग एखाद्या गिरणीत कौटुंबिक न्यायालय का नको?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : नको असं काही नाही, पण गिरणीचा कोणता भाग घेताय त्यावर सारं अवलंबून आहे. विणाईच्या शेडकडे बघा. बैठी इमारत, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि त्यातल्या काचा उत्तरेकडे. ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड मिळावा, कापडातला दोष नजरेतून सुटू नये, म्हणून ही रचना. तारखेला आलेली माणसं सकाळपासून ताटकळतात. त्यांना असा उजेड मिळाला तर आणखी काय हवं!

पण तिथे सुनावणी घेऊ नये. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 सालचा. त्याच्या कलम 11 नुसार पती-पत्नींपैकी एकाने जरी मागणी केली, तरी कामकाज बंद दाराआड चालवावं लागतं. उंच छपराखाली अर्ध्या उंचीच्या भिंती घातल्या की शेजारच्या खोलीतलं रडणंसुद्धा ऐकू येणार. भिंती छपरापर्यंत नेल्या, आवाज शोषणारं आढं लावलं, तर उजेड गेला. लंडनच्या बँकसाइड वीजकेंद्रात 2000 साली टेट मॉडर्न सुरू झालं, तेव्हा टर्बाइनचं दालन मोकळंच राहिलं. कलादालनात गलका खपतो, पोटगीच्या अर्जावर नाही.

म्हणून प्रतीक्षागृह शेडमध्ये आणि न्यायकक्ष सूतकताईच्या बहुमजली इमारतीत, असं मी सुचवेन. यंत्रांचा भार पेललेल्या त्या मजल्यांना, तपासणीत मजबूत ठरले तर, दप्तराची कपाटं जड नाहीत. खांबांच्या रांगा मोठ्या कोर्टरूमला अडचणीच्या; पण इथले कक्ष लहान असले तरी चालतात, आणि समुपदेशकांच्या खोल्या तर त्याहून लहान. कायद्याचा मुख्य भर समेटावर असल्याने या खोल्यांत कंजुषी नको.

खरी अडचण फाटकाची. कामगारांवर नजर राहावी म्हणून गिरणीत सगळ्यांची ये-जा एकाच फाटकातून. इथे उलट हवं. मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला नवऱ्यासमोरून जावं लागू नये, म्हणून दोन वाटा आणि दोन जिने.

आई-बाबांना भेटायला येणाऱ्या मुलांची खोली तळमजल्यावर, अंगणालगत ठेवावी. मात्र तेल-रंगांनी मुरलेली ती माती आधी तपासून घ्या आणि छपरावर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर तज्ज्ञांकडूनच उतरवा.