गोणी घ्यावी की बाटली?



पिकाला हिरवेपणा येतो तो नत्रामुळे. नत्र कमी पडले की पीक पिवळे पडते. खालची पाने आधी पिवळी होतात.

आपल्या डिंगोऱ्याच्या शिवारात कांद्याची लागण झाली की युरिया आणायची घाई होते. दुकानात तो दोन रूपांत मिळतो. एक गोणीतला, दाणेदार. दुसरा बाटलीतला, पातळ. त्याला नॅनो युरिया म्हणतात. ही बाटली २०२१ साली बाजारात आली. “एक बाटली म्हणजे एक गोणी,” असे आपण ऐकतो. हे खरे काय? आता आपल्याला वाचता येते. तर चला, दोन्हींवरचे वाचू.

गोणीवर लिहिले आहे : वजन ४५ किलो, नत्र ४६ टक्के. म्हणजे गोणीत नत्र २० किलो ७०० ग्रॅम.

बाटली अर्ध्या लिटरची. आधीच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम होते. पुढे २० टक्क्यांची निघाली. तिच्यात १०० ग्रॅम. कोठे वीस किलो नि कोठे शंभर ग्रॅम!

बाटलीवाले म्हणतात, पान नत्र थेट शोषते, वाया जात नाही. दाणेदार युरिया थोडा हवेत उडतो, थोडा पाण्याबरोबर जातो, हे खरेच. पण पंजाब कृषी विद्यापीठाने शेतात करून पाहिले. निम्मे नत्र कमी केले आणि त्याऐवजी ४ टक्क्यांचा नॅनो युरिया फवारला. गव्हाचे उत्पन्न सुमारे २१ टक्के घटले, भाताचे १३ टक्के.

मग आम्ही सांगतो ते एवढेच. पोटभर जेवण गोणीतून द्यावे. फवारणी म्हणजे वरचे तोंडीलावणे. त्यावर पीक जगत नाही.

युरिया एकदम टाकू नये. दोन-तीन हप्त्यांनी, जमिनीत ओल असताना द्यावा आणि मातीआड करावा. उघडा पडला तर उडतो. किती द्यायचा ते माती तपासून ठरवावे. नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

युरिया कालवलेले पाणी गुरांच्या तोंडी लागू देऊ नका. जनावर दगावते.

हिशेब करा : दोन गोण्यांत नत्र किती? तेवढे नत्र १०० ग्रॅमच्या किती बाटल्यांत होईल?

(उत्तर : ४१ किलो ४०० ग्रॅम; ४१४ बाटल्या.)