पान उलटून बघ: जुन्या पुस्तकांच्या हक्कांविषयी कानमंत्र

बाळा, यंदा वाचनालयाची स्मरणिका तू काढणार, गणपतीत नाटक बसवणार आणि कपाटातली जुनी पुस्तकं मोबाईलवर उतरवून अख्ख्या पोशीरला वाटणार, असं कानावर आलं. ऐकून बरं वाटलं. तुला सगळं कालच व्हायला हवं असतं, माहीत आहे मला. तरी नेरळला छपाईचं बोलायला जाण्याआधी आत्याचं एवढं ऐकून जा.

१. पुस्तक हातात घेतलंस की आधी लेखक कधी गेला ते शोध — आपल्याकडे लेखकाचा हक्क हयातभर असतो आणि तो गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून आणखी ६० वर्षं चालतो. पानं किती पिवळी पडली, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

२. एक हिशेब पाठच कर: साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे ६० वर्षं ३१ डिसेंबर २०१० ला भरली — म्हणून तर ‘श्यामची आई’ आज इतक्या प्रकाशकांची, इतक्या निरनिराळ्या किमतींना मिळते, आणि त्यात कुणी चोरी केलेली नाही.

३. मात्र तोच न्याय सगळ्यांना लावू नकोस — अत्रे आणि अण्णा भाऊ साठे दोघेही १९६९ साली गेले, त्यांची मुदत २०२९ च्या अखेरीस संपेल. ‘ययाती’च्या खांडेकरांची २०३६ च्या, तर पु. लं.ची थेट २०६० च्या. आधी साल, मग शाई.

४. स्वस्त मिळतं म्हणून ते खुलं आहे असं धरून चालू नकोस — ‘गीताई’ घरोघरी आहे, विनोबा आपल्याच जिल्ह्यातल्या गागोद्याचे, पण ते गेले १९८२ साली. मूळ गीता सगळ्यांची; तिचं मराठी विनोबांचं, आणि कायद्याच्या हिशेबाने त्याची मुदत २०४२ पर्यंत आहे.

५. कुणी जुन्या आठवणीने ‘५० वर्षं’ म्हणालं तर वाद घालू नकोस, समजावून सांग — पूर्वी ५० च होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, १९९१ च्या अखेरीस त्यांचं साहित्य खुलं होणार होतं. ते लांबावं म्हणून मुदतच दहा वर्षांनी वाढवली आणि ती सगळ्याच लेखकांना लागू झाली. गांधीजींची मुदत २००८ अखेर संपत आली तेव्हा त्यांच्या लेखनाचे हक्क सांभाळणाऱ्या ‘नवजीवन’ने मात्र वाढ मागितली नाही, १ जानेवारी २००९ ला त्यांनी हयातीत छापलेलं सगळं खुलं झालं. मला हे वागणं फार मोठं वाटतं.

६. लेखक गेल्यावर जे पहिल्यांदा छापलं, त्याची वर्षं छपाईपासून मोज — इथे भलेभले फसतात. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, कविता १९५२ साली पुस्तकात आल्या, म्हणून मुदत २०११ ला नाही, २०१२ ला संपली. बाबासाहेबांनी हयातीत छापलेली पुस्तकं १ जानेवारी २०१७ ला खुली झाली. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा ग्रंथ त्यांच्या मागे १९५७ साली निघाला, तो एक वर्ष उशिरा. आणि हिंदू धर्मातल्या कोड्यांवरचं त्यांचं लेखन राज्य सरकारच्या खंडात १९८७ साली पहिल्यांदा छापलं गेलं, त्याची मुदत २०४७ पर्यंत जाते. एकच लेखक, पण तीन पुस्तकांच्या तीन तारखा.

७. म्हणून भजनी मंडळाची ती लाल कापडात बांधलेली वही उघडण्याआधी बुवांच्या नातवाकडे जा — त्यात तुकोबांचे अभंग असतील ते सगळ्यांचे, पण बुवांनी स्वतः रचलेले आणि कधीच न छापलेले, लोकांपुढे न गायलेले असतील तर त्यांची ६० वर्षं अजून सुरूच झालेली नाहीत. हक्क घरच्यांचा आहे.

८. आता तुझा खरा प्रश्न: ज्ञानेश्वरी सातशे वर्षांची, तरी नावाच्या पानामागे ‘सर्व हक्क स्वाधीन’ कसं? — तो हक्क असतो प्रस्तावनेवर, अर्थावर, टिपांवर, चित्रांवर, ओव्यांवर नाही. जुन्या विहिरीला नवा कठडा बांधला म्हणून पाणी बांधणाऱ्याचं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली निकालपत्रांच्या छपाईबाबत साधारण हेच म्हटलं: मूळ निकाल सगळ्यांचा, संपादकाने स्वतःच्या डोक्याने घातलेली भर त्याची. पण तो छापील शिक्का पुस्तकाचा कोणता भाग कुणाचा हे सांगत नाही, कारण पुष्कळ प्रकाशक तो सवयीने छापतात. हे मला पटत नाही. ‘हक्क टिपांपुरते’ असं लिहायला एक ओळ पुरे.

९. खुलं पुस्तक उतरवायचं असेल तर सर्वांत जुनी छापील प्रत मिळव, नवी आवृत्ती स्कॅन करू नकोस — जुन्या प्रतीत नव्या माणसाची भर नसते, म्हणजे चुकून कुणाची मेहनत उचलली जात नाही.

१०. गणपतीतलं नाटक तिकीट न लावता कर — हौशी मंडळाने फुकट किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कायद्याने सूट आहे. रामनवमीला देवळात ‘गीतरामायण’ गायलंस तरी तेच. पण त्यातली गाणी छापून विकायला गेलीस तर शब्द माडगूळकरांचे, २०३७ पर्यंत; आणि चाली सुधीर फडक्यांच्या, २०६२ पर्यंत.

११. हयात लेखकाच्या पुस्तकाची पीडीएफ गावच्या ग्रुपवर टाकू नकोस, दुसऱ्याने टाकली तर पुढे ढकलू नकोस — मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात लहान, तिथे पन्नास प्रती बुडाल्या तरी पुढची आवृत्ती अडते.

१२. शंका आली की पत्र लिही, आणि उत्तर येईपर्यंत थांब — बहुतेक लेखक आणि त्यांची मुलं आनंदाने हो म्हणतात. गावचं वाचनालय म्हटलं की पैसेही मागत नाहीत. विचारलं तर पोस्टकार्ड, न विचारलं तर वकील: शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आहे आणि दंड ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत.

१३. स्मरणिकेत लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून दोन ओळी लिहून घे, त्यात किती वर्षांसाठी तेही घाल — हक्क द्यायचा तर तो लेखी लागतो, आणि मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. गावात सगळे आपलेच, म्हणून तर कागद हवा.

१४. अमेरिकेतल्या दादाला तिथून काही छापू देण्याआधी सांग, तिकडचा हिशेब वेगळा — जुन्या पुस्तकांना तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात, इकडे खुलं ते तिकडे बांधलेलं असू शकतं.

१५. हक्क संपले तरी नाव पुसू नकोस, शब्द बदलू नकोस — वाचणाऱ्याला ते कुणी लिहिलं हे कळलंच पाहिजे.

१६. आणि स्मरणिकेची सुरुवात गॅझेटियरपासून कर — सरकारी पुस्तकाला प्रकाशनापासून ६० वर्षं. १९६४ चं कुलाबा, म्हणजे आपल्या आताच्या रायगड जिल्ह्याचं गॅझेटियर १ जानेवारी २०२५ ला खुलं झालं. त्याहून जुनं हवं तर १८८२ चं ठाणे गॅझेटियर काढ, कारण तेव्हा आपला कर्जत तालुका ठाण्यात होता. दोन्हींतली आपल्या भागाची पानं सोप्या मराठीत आण, खाली गॅझेटियरचं नाव आणि साल घाल, आणि छपाईला जाण्याआधी कच्ची प्रत मला दाखव.