गुदाशय व गुदद्वार : पशुवैद्यकीय संज्ञांचा अर्थ आणि गोठ्यातील उपयोग

‘गायीचे अंग बाहेर आले आहे,’ असा निरोप पशुवैद्यकाकडे अनेकदा येतो. या एका वाक्याचे तीन अर्थ संभवतात : गुदाशय बाहेर आला असेल, योनिमार्ग बाहेर आला असेल किंवा व्यायल्यानंतर गर्भाशय उलटून बाहेर पडले असेल. तिन्ही अवस्थांतील निकड, सोबत आणावयाची औषधे आणि उपचार भिन्न आहेत. गर्भाशय बाहेर पडलेल्या गायीला काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. म्हणून शरीराच्या या भागाविषयीच्या संज्ञा नेमक्या माहीत असणे विस्तार कार्यकर्ते व पशुपालक या दोघांसाठीही आवश्यक आहे. संकोचामुळे या भागाविषयी मोघम बोलले जाते आणि त्याची किंमत जनावराला मोजावी लागते.

रचनेशी निगडित संज्ञा

मोठ्या आतड्याचा शेवटचा, कटिपोकळीत असलेला भाग म्हणजे गुदाशय. शेण बाहेर टाकले जाण्यापूर्वी येथे साठते. गुदाशय जेथे शरीराबाहेर उघडतो ते गुदद्वार. त्याभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूला गुदसंकोचक स्नायू म्हणतात. शेपटी उचलताच वरचे छिद्र दिसते ते गुदद्वार आणि मादीत त्याखाली असते ते योनिद्वार, म्हणजेच निरण. या दोहोंमधील त्वचेच्या व स्नायूंच्या पट्ट्याला विटप म्हणतात. अवघड प्रसूतीत विटप फाटल्यास शेण योनिमार्गात उतरते व पुढे गर्भधारणेत अडथळा येतो.

‘गुद’ हा शब्द आयुर्वेदाच्या प्राचीन परंपरेतून आला आहे. सुश्रुतसंहितेत गुदाच्या प्रवाहिणी, विसर्जनी व संवरणी अशा तीन वळ्या सांगितल्या आहेत. ढकलणे, बाहेर टाकणे आणि मिटणे ही गुदाची तीन कार्ये या नावांतूनच स्पष्ट होतात.

गुदतापमान

जनावराचे तापमान गुदाशयातच मोजले जाते. निरोगी प्रौढ गायीचे गुदतापमान साधारणतः १०१.५, शेळी-मेंढीचे सुमारे १०२.३ आणि डुकराचे सुमारे १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उन्हात उभ्या असलेल्या किंवा नुकत्याच चालून आलेल्या जनावराचे तापमान काहीसे अधिक भरते. त्यामुळे त्याला सावलीत विसावा देऊन मगच मोजणी करावी. तापमापीचे टोक शेणाच्या गोळ्यात न खुपसता गुदाशयाच्या भिंतीला टेकवून ठेवावे. अन्यथा नोंद चुकते. पाऱ्याची तापमापी असल्यास पारा आधी झटकून खाली आणावा आणि टोकास तेल किंवा साबणाचे पाणी लावावे. मोजणी झाल्यावर तापमापी जंतुनाशकाने पुसावी.

गुदमार्गे तपासणी

गायी-म्हशींत गर्भाशय गुदाशयाच्या खाली असते. त्यामुळे गुदाशयात हात घालून त्याच्या भिंतीतून गर्भाशय व बीजांडकोष चाचपता येतात. याच पद्धतीने रेतनानंतर दोन ते तीन महिन्यांनी गर्भनिदान केले जाते. कृत्रिम रेतनातही एक हात गुदाशयात असतो, परंतु तो केवळ गर्भाशयमुख धरून ठेवण्यासाठी. रेतमात्रा योनिमार्गातून गर्भाशयात सोडली जाते. गुदाशयाचे अस्तर नाजूक असते. नखे वाढलेली असल्यास, बोटात अंगठी असल्यास किंवा जनावर जोर करीत असताना हात पुढे रेटल्यास गुदाशय फाटू शकतो आणि उदरपोकळीत जंतुसंसर्ग पसरतो. म्हणून ही तपासणी प्रशिक्षित व्यक्तीनेच लांब हातमोजा घालून करावी.

बंद गुदद्वार

काही वासरे, करडे व डुकराची पिल्ले गुदद्वाराविनाच जन्मतात. या जन्मजात व्यंगात पिल्लू प्रथम चीक पिते, पण शेण टाकत नाही. मग ते कुंथू लागते, पोट फुगते आणि पिणे सुटते. कित्येकदा शेपटीखाली त्वचेचा फुगवटा दिसतो. मादीत काही वेळा गुदाशय योनिमार्गात उघडलेला असतो व शेण तेथून येते. अशी पिल्ले अधिक काळ तग धरतात आणि व्यंग उशिरा लक्षात येते. गुदाशय त्वचेलगत असल्यास भूल देऊन केलेली लहान शस्त्रक्रिया पिल्लाचे प्राण वाचवू शकते. घरगुती पात्याने छेद देण्याचा प्रयत्न मात्र घातक ठरतो, कारण गुदाशय किती आत आहे हे बाहेरून कळत नाही. प्रत्येक नवजात पिल्लाची शेपटी उचलून पाहणे हा एका मिनिटाचा नियम पाळल्यास हे नुकसान टळते. या व्यंगामागे आनुवंशिक कारण असू शकते. म्हणून अशी पिल्ले पुढे पैदाशीसाठी ठेवू नयेत.

गुदभ्रंश

गुदाशय गुदद्वारातून बाहेर येणे म्हणजे गुदभ्रंश. केवळ आतील अस्तर बाहेर आल्यास तो अपूर्ण आणि संपूर्ण भिंत नळीसारखी बाहेर आल्यास पूर्ण गुदभ्रंश होय. दीर्घकाळची हगवण, बद्धकोष्ठता, मूत्रमार्गातील खडा, अवघड प्रसूती व सततचा खोकला ही त्याची प्रमुख कारणे आहेत. डुकरांत बुरशी लागलेल्या खाद्यातील विषामुळेही तो उद्भवतो.

पशुवैद्यक येईपर्यंत जनावर वेगळे बांधावे. बाहेर आलेला भाग एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ मिसळून धुवावा व स्वच्छ ओल्या कापडाने झाकावा. कावळे, कुत्री व माश्या यांपासून त्याचे रक्षण करावे. सूज अधिक असल्यास त्यावर साखर पसरावी; ती ऊतींतील पाणी शोषून घेते व सूज उतरते. पशुवैद्यक कण्याजवळ भूल देऊन तो भाग आत बसवतात आणि गुदद्वाराभोवती बटव्याच्या दोरीसारखा टाका घालतात. मूळ कारणावर उपचार न झाल्यास गुदभ्रंश पुन्हा होतो.

कुंथणे व रक्तमिश्रित शेण

कुंथणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. वासरू कुंथत असेल आणि शेणात रक्त व शेंब असेल, तर रक्ती हगवणीची शक्यता असते. ताजे लाल रक्त बहुधा आतड्याच्या मागील भागातून येते, तर डांबरासारखे काळे शेण जठर किंवा लहान आतड्यातील रक्तस्राव सुचवते. रक्त दिसताच ‘मूळव्याध’ म्हणणे योग्य नव्हे. माणसातील हा विकार गायी-म्हशींत सहसा आढळत नाही.

दोन प्रसंगी विशेष सावधगिरी हवी. जनावर कुंथत असून लाळ गाळत असेल, सतत हंबरत असेल किंवा त्याचे वर्तन बदलले असेल, तर पिसाळ रोगाची शंका घ्यावी व उघड्या हाताने तोंडाला वा लाळेला स्पर्श करू नये. तसेच अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून व गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असल्यास तो फाशी रोग असू शकतो. असे शव उघडू नये, कातडे काढू नये व तत्काळ पशुवैद्यकास कळवावे.

कोंबडीतील वेगळेपण

पक्ष्यांत शेण, मूत्र व अंडे यांसाठी एकच कक्ष असतो. त्यास अवस्कर म्हणतात. त्याचे बाह्य द्वार म्हणजे पशुपालकांच्या भाषेतील ‘गुदद्वार’. लहान पिलांत तेथे विष्ठा चिकटून मार्ग बंद होतो. कोमट पाण्याने ती हळुवार मोकळी करावी. ओढून काढू नये. पांढरी विष्ठा व मरतूक सोबत असल्यास पांढऱ्या हगवणीची तपासणी करून घ्यावी. अंड्यावरील कोंबडीचा अवस्कर बाहेर आल्यास लाल रंगाकडे आकर्षित होऊन इतर पक्षी टोचतात. तिला त्वरित वेगळे करावे.

निरोप कसा द्यावा

अनेक राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. तेथे कळवताना चार गोष्टी सांगाव्यात : भाग वरच्या छिद्रातून आला की निरणातून, जनावर केव्हा व्यायले किंवा गाभण किती महिन्यांचे आहे, बाहेरच्या भागावर बटणासारख्या गाठी आहेत का, कारण त्या गर्भाशयाची खूण आहेत, आणि गुदतापमान किती आहे. एवढ्या माहितीवर पशुवैद्यक योग्य तयारीनिशी निघू शकतो. नेमका शब्द हा उपचाराचा पहिला भाग आहे. तो उच्चारण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही.